अडतीस तासांचा वाढदिवस: सिडनी ते सांतियागो आणि परत

दिवस पहिला: सिडनी, लोकरीचा दोरा

भाचीच्या घरी जेवणाच्या टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवला होता. तिच्या सात वर्षांच्या लेकीने माझ्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर काढली आणि तिचं एक टोक सिडनीवर धरलं. दुसरं टोक चिलीच्या सांतियागोवर मी धरलं. दोन्ही शहरं विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळपास सारख्याच अंतरावर, ३३-३४ अंशांवर. नकाशात पाहिलं तर प्रशांत महासागरावरून सरळ आडवी रेघ मारली की काम झालं, असंच वाटतं. आम्हीही आधी तो दोरा आडव्या अक्षवृत्तावर बसवला. मग पोरीने तो ताणला, तर दोरा सुळकन खाली अंटार्क्टिकाच्या दिशेने घसरला आणि तिच्या हातात दोन बोटं लोकर जास्तीची उरली.

"आजी, हा तर उरला!"

तेच ते बृहद्वृत्त. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सगळ्यांत कमी अंतर. हिशोब करून पाहिला होता: अक्षवृत्ताला धरून गेलं तर साधारण १२,७७० किलोमीटर आणि दोरा ताणून गेलं तर ११,३४० च्या आसपास. म्हणजे खाली वाकून गेल्याने चौदाशे किलोमीटर वाचतात. मात्र वाटेत जवळजवळ ६२ अंश दक्षिणेपर्यंत उतरावं लागतं, आणि तिथे ना बेट, ना बोट.

दुसऱ्या दिवशी माझा साठावा वाढदिवस होता आणि तो विमानात जाणार म्हणून भाची हळहळत होती. नवऱ्याने बोटांवर मोजून जाहीर केलं, "अगं, तुझा वाढदिवस अडतीस तासांचा होणार आहे." सिडनीचं घड्याळ सांतियागोच्या १४ तास पुढे असतं. सिडनीत मध्यरात्री सुरू झालेली तारीख सांतियागोतल्या मध्यरात्री संपणार, म्हणून २४ अधिक १४. पोरीने विचारलं, मग केक किती? यावर तोडगा निघाला नाही.

इतका अचूक हिशोब करणाऱ्या याच माणसाने सांतियागोची खोली चुकीच्या तारखेची घेतली होती, हे मात्र अजून कळायचं होतं.

दिवस दुसरा (पहिल्यांदा): सिडनी विमानतळ आणि तीन तासांची रात्र

सिडनीच्या विमानतळाला चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथचं नाव आहे. १९२८ मध्ये त्याने आणि त्याच्या साथीदारांनी अमेरिकेतल्या ओकलंडहून हवाई आणि फिजीमार्गे ब्रिस्बेनपर्यंत प्रशांत महासागर पहिल्यांदा विमानाने ओलांडला. तीन इंजिनांचं विमान, दोन थांबे आणि हवेत घालवलेले सुमारे ८३ तास. अंतर जवळपास आमच्याएवढंच. आमच्या तिकिटावर होतं साडेबारा तास, आणि तेवढ्यावरूनही नवरा गुडघ्यांची काळजी करत होता.

तिकिटावरच्या या वेळेबद्दल एक सांगून ठेवते. विमानाची प्रवासवेळ धरतात ती जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंत. धावपट्टीवरची रांगही त्यातच. दोन विमानतळांमधलं अंतर शोधलं की सोबत जी वेळ दिसते ती बहुतेकदा अंतराला एका ठरावीक वेगाने भागून काढलेली असते, वारा त्यात नसतोच. घरी अंदाज करायचा तर अंतराला ८५० ने भागा, उड्डाण आणि उतरण्याचा अर्धा-पाऊण तास वाढवा. लांब पल्ल्यावर पूर्वेकडे जाताना त्यातून थोडं कमी करा, पश्चिमेकडे येताना थोडं जास्त धरा. आणि शेवटी वेळापत्रकावरच विश्वास ठेवा.

साडेबाराला निघालो. मी मुद्दाम उजवीकडची खिडकी घेतली होती. पूर्वेला जाताना दक्षिण उजव्या हाताला येते, आणि या मार्गावर जे काही पाहायचं ते दक्षिणेला.

शेजारी चिलीच्या एक आजी होत्या, नातवाचं बारसं करून परत निघालेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला स्पॅनिश. पण मी विणायला घेतल्यावर त्यांनी न विचारता सुया हातात घेतल्या, चार टाके घातले, माझी चूक उसवली आणि परत दिल्या. पुढचे बारा तास आमचं उत्तम जमलं. फोनमधल्या भाषांतराच्या मदतीने मी वाढदिवसाचं सांगितलं, तर त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं आणि पोट धरून हसल्या.

साडेतीन-पावणेचार तासांनी न्यूझीलंड डावीकडे मागे टाकून आम्ही १८० रेखावृत्त ओलांडलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा. काही म्हणजे काही होत नाही. दिवा नाही, घोषणा नाही, कॉफी तशीच कोमट. फक्त आपण कालच्या तारखेत जाऊन पडतो.

दोन तासांनी सूर्य मावळला. जानेवारीत इतक्या दक्षिणेला रात्र मुळात सहा-साडेसहा तासांची, त्यात आम्ही सूर्योदयाच्या दिशेने धावत सुटलेले, म्हणून तीही निम्मी. जेमतेम तीन तास. आणि त्या तीन तासांतही दक्षिणेच्या क्षितिजावरची केशरी पट्टी विझली नाही. मावळतीच्या बाजूने ती हळूहळू सरकत सरकत उगवतीच्या बाजूला गेली. सूर्य क्षितिजाच्या जरासा खालून, जणू भिंतीपलीकडून कंदील घेऊन चालत गेला. आजी झोपल्या होत्या, त्यांना उठवलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि माझा हात धरून पुन्हा झोपल्या.

पडद्यावर वेग दिसत होता, ताशी १,०४० किलोमीटर. विमानाचा स्वतःचा वेग नऊशेच्या आसपास, बाकीचं पाठीमागून ढकलणाऱ्या पश्चिमी वाऱ्याचं. या वाऱ्यांच्या पट्ट्यांना शिडाच्या जहाजांवरचे खलाशी गरजणारे चाळीस, खवळलेले पन्नास आणि किंचाळणारे साठ म्हणत. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर किंचाळणं ऐकू येत नाही, फक्त लवकर पोहोचता येतं.

आमचं विमान दोन इंजिनांचं, बोइंग ७८७. पूर्वी अशा निर्जन समुद्रावर चार इंजिनांचीच विमानं पाठवत. दोन इंजिनांच्या विमानाला एक नियम पाळावा लागतो: एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर ठरावीक मिनिटांत कुठल्या तरी विमानतळावर पोहोचता आलं पाहिजे. या विमानाला अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाने २०१४ मध्ये ३३० मिनिटांपर्यंत मुभा दिली. साडेपाच तास, एका इंजिनावर. हे मी नवऱ्याला उतरल्यावर सांगितलं.

दिवस दुसरा (पुन्हा): सांतियागो, निघण्याआधी पोहोचलो

सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी उतरलो. त्याच तारखेला, निघालो त्याच्या शंभर मिनिटं आधी. उतरण्यापूर्वी समोर आँडीजची भिंत उभी राहते. खाली उन्हाळ्याने करपलेल्या तपकिरी टेकड्या आणि वर, निम्म्या आभाळात, बर्फ.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. चिलीत शेतीमालाची तपासणी फार कडक आहे. फळं, बिया, मध, दूधदुभतं, काहीही असो, अर्जावर 'आहे' असंच लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड. आम्ही 'आहे' लिहिलं. भाचीने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा अधिकारी मुलीने उघडला, वास घेतला, भुवया उंचावल्या आणि झाकण लावून परत दिला. मात्र डब्याच्या कडेला भाचीने कौतुकाने खोचलेली कुंडीतल्या कढीलिंबाची जुडी गेली. त्या जुडीचं माझ्या लक्षातच नव्हतं. 'आहे' या एका शब्दावर निभावलं.

मग खोली. दारात आमच्याच वयाच्या मालकीणबाई, हातात वही. आमचं नाव वहीत होतं, पण उद्याच्या तारखेला. नवऱ्याने दुपारी साडेबारात साडेबारा तास मिळवले होते, उत्तर आलं मध्यरात्रीनंतर एक, म्हणजे पुढची तारीख. चौदा तास वजा करायचे राहून गेले. बाईंनी वहीतल्या तारखेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "मान्याना." उद्या. हा शब्द तेवढा आम्हाला येत होता.

जानेवारी म्हणजे तिथला भर सुट्टीचा हंगाम, खोल्या सगळ्या भरलेल्या. नवऱ्याचा चेहरा पाहून असेल किंवा लाडवामुळे असेल (मी डबा पुढे केला होता), बाईंनी माडीवरची, मुलगा घरी आला की वापरतो ती खोली उघडली. तिथे वाळत घातलेल्या चादरी होत्या, त्या आम्हीच घड्या करून ठेवल्या.

तुम्ही असा प्रवास करणार असाल तर पोहोचण्याची तारीख मनाने काढू नका, तिकिटावरची उतरवून घ्या. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. आणखी एक: नवऱ्याची रक्तदाबाची गोळी रोज सकाळी असते. त्या दिवशी सकाळी आठ दोनदा वाजले, एकदा सिडनीत आणि एकदा आकाशात. एका हातातलं घड्याळ आम्ही सिडनीच्याच वेळेवर ठेवलं होतं, म्हणून दुसरी गोळी टळली. रोजची औषधं असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून तासांचा हिशोब लिहून घ्यावा.

संध्याकाळी सातला बाईंनी चहाला बोलावलं. चिलीत या संध्याकाळच्या खाण्याला 'ओन्से' म्हणतात, म्हणजे अकरा. अकरा का, आणि सातला का, याची तिथे प्रत्येकाची वेगळी गोष्ट आहे. ज्या दिवशी आमची सगळी घड्याळं चुकली होती, त्या दिवशी सात वाजता 'अकरा' खायला बसणं अगदी रास्त वाटलं. मार्राकेता नावाचा कुरकुरीत पाव, त्यावर मीठ घालून कुस्करलेलं पाल्ता, म्हणजे अॅव्होकाडो, आणि चहा. पावाच्या तुकड्यात बाईंनी मेणबत्ती खोचली. नऊ वाजत आले तरी बाहेर उजेड होता. वाढदिवस संपला तेव्हा मी गाढ झोपलेली होते.

दिवस तिसरा: सांतियागो, फार काही केलं नाही

शरीर कुठल्या खंडावर आहे याचा निकाल लागत नव्हता. पहाटे तीनला टक्क जाग, दुपारी दोनला डोळे मिटायला लागले. चौदा तास पुढचं घड्याळ हे शरीराच्या दृष्टीने दहा तास मागचंच. त्या दिवशी कुठलंही बुकिंग ठेवू नका, एवढंच सांगेन.

सांता लुसियाच्या टेकडीवर सावलीत बसलो. दुपारी बाराला तिथे तोफ उडवायची जुनी प्रथा आहे. आम्हाला कल्पनाच नव्हती. तोफ झाली, कबुतरं उडाली आणि नवऱ्याने बसल्या जागी हातातलं घड्याळ लावलं. "आता ही अधिकृत वेळ," म्हणाला. खाली उतरल्यावर गाडीवर मोते कोन ऊएसियो प्यायलो: गोड थंड पाकात शिजवलेला सोललेला गहू आणि सुकवलेलं पीच. पाणी प्यायचं, पीच आणि गहू चमच्याने खायचे. तहान आणि भूक एकाच पेल्यात भागते.

दिवस चौथा: वाल्पाराइसो, सिडनी कुठल्या दिशेला?

बसने दीड-पावणेदोन तास. शहर डोंगरावर चढत गेलेलं, घरं पत्र्याची आणि रंगीत, आणि चढायला रुळांवरून तिरप्या ओढल्या जाणाऱ्या लाकडी पेट्या. पहिली १८८३ ची. आम्ही ज्या पेटीत बसलो ती खडखडत वर गेली तेव्हा नवरा म्हणाला, विमानात एवढी भीती वाटली नाही.

एकेकाळी हे प्रशांत किनाऱ्यावरचं बडं बंदर होतं. अटलांटिकमधून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून आलेली जहाजं इथे दम खात. १९१४ मध्ये पनामा कालवा उघडला, वळसा घालायची गरज संपली आणि बंदराची रया गेली. कुठे तरी अंतर कमी झालं आणि हे गाव वाटेवरून बाजूला पडलं. उतारावरचा तो जुना भाग २००३ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

धक्क्यावर वारा बोचरा. भर उन्हाळा, पण दक्षिणेकडून हम्बोल्टचा थंड प्रवाह वाहतो, त्यामुळे दुपारपर्यंत धुकं आणि पाण्यात पाय घातला की कळ. तिथे आमचा वाद झाला. नवऱ्याने पश्चिमेला हात केला: "तिकडे सिडनी." नकाशाप्रमाणे बरोबर. पण दोऱ्याप्रमाणे सिडनीला निघायचं तर सुरुवातीला तोंड करावं लागतं जवळजवळ दक्षिणेलाच, दक्षिणेपासून फक्त ३५ अंश पश्चिमेकडे. मी त्याच्या डाव्या हाताला बोट दाखवलं. शेजारी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने आमचे दोन वेगळ्या दिशांना पसरलेले हात पाहिले. त्याने नवऱ्याचा हात धरून हळूच डावीकडे वळवला, पण अर्धाच. तेवढ्यात त्याचा गळ हलला आणि प्रश्न तसाच राहिला.

ऑस्ट्रेलियाहून दक्षिण अमेरिकेला विमानाने पहिल्यांदा आला तो पी. जी. टेलर, मार्च १९५१ मध्ये, पाण्यावर उतरणाऱ्या कॅटलिना विमानातून. त्याने दोरा ताणला नाही. बेटांवर पाय ठेवत ठेवत, ईस्टर बेटावरून, लांबच्या वाटेने आला. वाटेत इंधन घ्यायचं तर बेट लागणारच.

जेवायला उमितास: दळलेला ताजा मका पानातच गुंडाळून उकडलेला, आत तुळशीच्या जातीचा पाला. शाकाहारी माणसांनी उन्हाळ्यात गेल्यास हे आणि पोरोतोस ग्रानादोस, म्हणजे मका-भोपळा घातलेली ओल्या दाण्यांची उसळ, शोधावं. चरबी घातलीय का, तेवढं मात्र विचारा.

दिवस पाचवा आणि सहावा

पाचव्या दिवशी केबलने ओढल्या जाणाऱ्या १९२५ च्या गाडीने सान क्रिस्तोबाल टेकडी, तिथून धुरकट आँडीज. सहाव्या दिवशी मालकीणबाईंनी लाडवाची कृती लिहून घेतली. 'मंद आचेवर' हे भाषांतर फोनने काय केलं देवाला ठाऊक, त्या बराच वेळ माझ्याकडे संशयाने पाहत होत्या.

दिवस सातवा-आठवा: परत, सूर्याला मागे टाकून

दुपारी एक वीसला सांतियागोहून निघालो. या वेळी डावीकडची खिडकी. पश्चिमेला जाताना दक्षिण डावीकडे, आणि ऊन उजवीकडून येतं म्हणून डोळ्यांवरही येत नाही.

परतीची वेळ जवळजवळ चौदा तास. अंतर तेच, विमान तसंच, पण वारा आता तोंडावर. तो टाळायला वैमानिक आणखी दक्षिणेला उतरतात. त्या दिवशी आम्ही ६९ अंशांपर्यंत गेलो, अंटार्क्टिक वृत्ताच्या आत. मी गणित करून पाहिलं तर चकित झाले: जातानाच्या वाटेपेक्षा आठशे किलोमीटर जास्त खाली जायचं, पण एकूण अंतरात भर पडते जेमतेम ऐंशी किलोमीटरची. कमानीचा माथा थोडा सरकवला तर दोरा फारसा लांबत नाही.

गंमत पुढे. ६९ अंशांवर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सहाशे किलोमीटरनेच फिरतो, आणि आम्ही वाऱ्याशी झगडतही आठशेच्या वर. म्हणजे सूर्य आमच्या मागे पडत होता. दुपार पुढे जायचं सोडून उलटी, सकाळकडे सरकत होती. चौदा तासांत सूर्य एकदाही मावळला नाही.

पण ते दिसणार कसं? या विमानाच्या खिडक्यांना झडप नसते, बटणाने काच गडद होते, आणि ते बटण कर्मचाऱ्यांच्या ताब्यात. लोकांनी झोपावं म्हणून त्यांनी सगळ्या काचा गडद निळ्या करून टाकल्या. बाहेर लख्ख ऊन, आत मासे ठेवतात त्या टाकीतल्यासारखा अंधार. मी मागे जाऊन एका तरुण कर्मचाऱ्याला विनंती केली. तो म्हणाला, आतल्या काचा नाही उजळता येणार, पण मागच्या दारातून पाहा.

त्या दाराला ताटलीएवढी खिडकी. आणि खाली बर्फ.

दूध नासल्यावर पाण्यात गोळे तरंगावेत तसं काळ्या समुद्रावर सगळीकडे पांढरं फुटलेलं. मधूनच सुरीने कापलेल्या वडीसारखे, वरून सपाट, मोठाले हिमनग, आणि त्यांच्या पायाशी पाण्याचा निळा रंग, जो मी लोकरीत कधी पाहिलेला नाही. हळूहळू मागे रांग लागली. पायमोजे घातलेली, केस विस्कटलेली माणसं, प्रत्येकाला अर्धा मिनिट. एका मोठ्या मुलाने तीनदा रांग लावली. नवऱ्याला उठवायला गेले तर तो म्हणाला, "फोटो काढ." फोटोत फक्त काचेवरचे ओरखडे आलेत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वीसला सिडनी. त्या दोन तारखा मिळून आम्हाला अठ्ठेचाळीसऐवजी चौतीसच तास मिळाले. जाताना घेतलेले चौदा तास परत केले. परतीच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागायचं असेल तर हे चौदा तास आधीच वजा धरून ठेवा.

घरी पोचलो तर टेबलावर गोल तसाच, आणि लाल दोरा डब्यात जपून ठेवलेला. पोरीला मी दोन्ही वाटा दाखवल्या. जातानाच्या वाटेवर दोरा नीट बसला. परतीच्या वाटेवर, खाली अंटार्क्टिकाजवळ दाबून धरला, तर सिडनीपाशी तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढा अपुरा पडला. पोरीने दोरा ताणून पाहिला, ओला करून पाहिला. मग कात्री घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, दुसरा कापूया. हा जातानाचा आहे."